आतड्यातील अदृश्य सहकारी

गहू दळून पीठ चाळले की चाळणीत कोंडा उरतो. भात सडला की तांदळावरचा कोंडा वेगळा होतो. बटाट्याची साल सोलून टाकतात, कोबीची बाहेरची जाड पाने काढून ठेवतात. माणसाच्या ताटात ज्यांना जागा नाही, अशा या वस्तूंवर जगातील कितीतरी डुकरे पोसली जातात. मेघालय, नागालँड, आसाम या प्रदेशांत घरोघरी पाळलेल्या डुकरांना भाताचा कोंडा, अळूची पाने, केळीचा गाभा आणि रताळ्याचे वेल शिजवून घालतात. गोव्यात 'आगोंद गोवन' नावाची डुकरांची देशी जात आहे. तीही घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर वाढत आली आहे.

या सर्व खाद्यात एक पदार्थ विपुल असतो. व्यवहारात आपण त्याला चोथा म्हणतो. शास्त्राच्या भाषेत त्याला तंतुमय पदार्थ असे नाव आहे. आता नवलाची गोष्ट अशी की, या चोथ्यातील प्रमुख घटक पचवू शकेल असा एकही पाचकरस डुकराच्या शरीरात तयार होत नाही. असे असूनही तो चोथा सगळाच्या सगळा वाया जात नाही. त्याचा बराचसा भाग डुकराच्या अंगी लागतो. मग हे पचनाचे काम करते तरी कोण?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी चोथा म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रत्येक वनस्पतीचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. घराला जशा भिंती, तशा या पेशींना भिंती असतात. त्या भिंतींच्या आधारानेच गवताचे पाते ताठ उभे राहते आणि वृक्ष वाऱ्याशी झुंज देतो. या भिंती मुख्यतः सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या बनलेल्या असतात. त्याच्या जोडीला पेक्टिनसारखी मऊ द्रव्ये असतात, आणि जून देठात किंवा लाकडात लिग्निन नावाचे फार चिवट द्रव्यही असते.

सेल्युलोज आणि भातातील किंवा ज्वारीतील पिठूळ पदार्थ ही दोन्ही एकाच साखरेची रूपे आहेत, हे ऐकून कोणालाही आश्चर्य वाटेल. त्या साखरेचे नाव ग्लुकोज. ग्लुकोजचा एकेक कण म्हणजे एकेक मणी, अशी कल्पना करावी. पिठूळ पदार्थात हे मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले असतात. सेल्युलोजमध्ये मात्र एक मणी सुलटा, तर पुढचा उलटा, अशा क्रमाने हजारो मणी गुंफलेले असतात. एवढ्याशा फरकाने केवढा भेद होतो पाहा! पहिली माळ डुकराच्या किंवा माणसाच्या पाचकरसाने सहज तुटते. दुसऱ्या माळेच्या गाठी त्या रसाला सुटत नाहीत. शिवाय सेल्युलोजच्या माळा एकमेकींना घट्ट बिलगून दोरासारखा पीळ धरतात. कापसाचे सूत म्हणजे बहुतांशी सेल्युलोजच होय. भाकरी तोंडात घोळवली तर काही वेळाने गोड लागते; सुताचा धागा दिवसभर चघळला तरी गोड लागत नाही, याचे कारण हेच.

सेल्युलोजच्या या गाठी सोडवण्याची विद्या काही जीवाणूंना आणि बुरशींना अवगत आहे. म्हणून गवत, पाने, कोंडा यांवर जगणाऱ्या प्राण्यांनी या सूक्ष्म जीवांना आपल्या पोटातच आसरा दिला. हा आसरा देण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या पोटात खऱ्या जठराच्या आधी एक मोठी पिशवी असते. गवत आधी त्या पिशवीत जाते, जीवाणू त्याला फोडतात, आणि नंतर ते पुढे सरकते. घोड्याच्या पोटात हीच व्यवस्था उलट्या टोकाला, म्हणजे मोठ्या आतड्यात असते. डुकराची व्यवस्थाही घोड्याच्याच जातीची आहे. परंतु घोड्याइतकी ती विस्तृत नाही.

डुकराने खाल्लेल्या घासाचा प्रवास कसा होतो, ते आता पाहू. चावलेला घास जठरात जातो. तेथे आम्ल आणि पाचकरस यांची त्यावर क्रिया होते. तेथून तो लहान आतड्यात उतरतो. पूर्ण वाढलेल्या डुकराचे लहान आतडे १५ ते २० मीटर लांब असते. या लांबच लांब नळीत पिठूळ पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन होते आणि त्यांचे सत्त्व रक्तात शोषले जाते. काही तासांतच हा टप्पा संपतो. चोथा मात्र येथवर जवळजवळ जसाच्या तसा येऊन पोहोचतो.

लहान आतडे संपते तेथे एक बंद पिशवीसारखा भाग लागतो. त्याला अंधनाल म्हणतात. त्यापुढे सुमारे ४ ते ६ मीटर लांबीचे मोठे आतडे वेटोळे घालून बसलेले असते. येथे अन्नाची गती मंदावते. जे अन्न लहान आतड्यातून काही तासांत निघून जाते, ते मोठ्या आतड्यात सुमारे एक-दोन दिवस मुक्काम करते. डुकराच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सियस असते. तेव्हा हे स्थान उबदार, ओलसर आणि काळोखे असून तेथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. आपल्याला अशा जागी क्षणभरही जगता येणार नाही. पण काही जीवाणूंना याहून सुखाची जागा दुसरी नाही. त्यांना प्राणवायू हेच विष वाटते.

या वस्तीची लोकसंख्या किती असेल? मोठ्या आतड्यातील अवघ्या एका ग्रॅम ऐवजात एक हजार कोटींहून अधिक जीवाणू असतात. एकेक जीवाणू इतका लहान की, असे सुमारे एक हजार जीवाणू ओळीने ठेवले, तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर लांब भरेल. त्यांच्या जातीही शेकड्यांनी मोजाव्या लागतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी डेन्मार्क, फ्रान्स आणि चीन येथील २८७ डुकरांच्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास करून त्यांच्या जनुकांची एक सूची प्रसिद्ध केली. जनुक म्हणजे सजीवाच्या अंगी असलेल्या एकेका कौशल्याची जणू लिहून ठेवलेली कृती होय. या सूचीत सुमारे ७७ लाख जनुके आढळली. एका डुकराच्या स्वतःच्या जनुकांची संख्या याच्यापुढे अगदीच थोडी म्हटली पाहिजे. जी विद्या डुकराजवळ नाही, ती त्याच्या पोटातील या रहिवाशांजवळ आहे.

हे जीवाणू ओळखण्याचे काम सोपे नव्हते. बाहेरच्या हवेचा स्पर्श होताच त्यांपैकी पुष्कळ जीवाणू मरून जात. त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढवावे कसे, हा मोठाच पेच होता. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट या शास्त्रज्ञाने तो पेच सोडवला. वाळवी लाकूड कसे पचवते याचा अभ्यास करता करता तो गाईच्या पोटातील जीवाणूंकडे वळला होता. त्याने परीक्षानळीतील हवा काढून तेथे प्राणवायूविरहित वायू भरला, नळीच्या आतल्या बाजूवर जीवाणूंच्या खाद्याचा पातळ थर पसरला, आणि नळीचे तोंड घट्ट बंद करून त्यात जीवाणू वाढवले. ही पद्धत त्याने १९५० साली सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्या साह्याने पुढे अनेकांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या पोटातील जीवाणूंचा शोध घेतला.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर येथे जनावरांविषयी संशोधन करणारी एक मोठी सरकारी संस्था आहे. तेथे व्हिन्सेंट व्हॅरेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात डुकरांच्या मोठ्या आतड्यातील सेल्युलोज फोडणाऱ्या जीवाणूंचा शोध घेतला. जे मुख्य जीवाणू गाईच्या पोटात चारा फोडतात, त्यांच्याच जातीचे जीवाणू डुकरातही त्यांना आढळले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डुकरांच्या खाद्यात लसूणघासासारख्या चोथायुक्त पदार्थांचे प्रमाण वाढवले, तेव्हा चोथा फोडणाऱ्या जीवाणूंची संख्याही वाढली. वाढत्या वयाच्या डुकरांपेक्षा पूर्ण वाढलेल्या डुकरिणींमध्ये हे जीवाणू कितीतरी अधिक असतात, असेही दिसून आले. याचा अर्थ असा की, आतड्यातील वस्ती कायमची ठरलेली नसते. ज्याला खाद्य मिळेल त्याची वस्ती वाढते. ज्याची उपासमार होईल त्याची घटते.

आता हे जीवाणू डुकराला देतात तरी काय? दुधात विरजण घातले म्हणजे विरजणातील जीवाणू दुधातील साखरेवर जगतात आणि दुधात आम्ल तयार होते. इडलीचे पीठ आंबते तेही अशाच क्रियेने. मोठ्या आतड्यात चोथा असाच आंबतो. जीवाणू सेल्युलोजच्या आणि पेक्टिनच्या माळा तोडतात, सुटलेल्या साखरेवर आपला निर्वाह करतात आणि काही आम्ले बाहेर टाकतात. त्यांतील मुख्य आम्ले तीन. पहिले ॲसिटिक आम्ल. शिरक्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. दुसरे प्रोपिऑनिक आम्ल. तिसरे ब्युटिरिक आम्ल. याचे नाव लोण्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. जीवाणूंच्या दृष्टीने ही आम्ले म्हणजे टाकाऊ माल. डुकराच्या दृष्टीने मात्र ते अन्नच होय. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून ही आम्ले रक्तात शोषली जातात आणि शरीराला शक्ती पुरवतात.

ब्युटिरिक आम्लाची योग्यता तर विशेष आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच पोसल्या जातात. हे अस्तर निरोगी असेल तर अन्नाचे सत्त्व आत येते आणि घातक जंतूंना मज्जाव होतो. शिवाय या आम्लांमुळे आतड्यातील ऐवज किंचित आंबट राहतो, आणि तसा आंबटपणा काही रोगजंतूंना मानवत नाही. जागाही आधीच व्यापलेली असल्यामुळे बाहेरून आलेल्या जंतूला सहजासहजी बस्तान बसवता येत नाही. अशा रीतीने हे रहिवासी आपल्या आश्रयदात्याला अन्नही देतात आणि त्याच्या घराची राखणही करतात.

तथापि, सगळाच चोथा सारखा नसतो. साखरबिटातून रस काढून घेतल्यावर जो लगदा उरतो, त्यात पेक्टिन पुष्कळ असते. तो जीवाणूंना सहज फोडता येतो. गव्हाचा कोंडा मध्यम कठीण. गव्हाचे काड मात्र लिग्निनमुळे इतके चिवट असते की, त्याचा फार थोडा भाग आंबतो. वयाचाही फरक पडतो. लहान पिल्लाचे मोठे आतडे अजून पुरते वाढलेले नसते आणि त्यातील वस्तीही अपुरी असते. म्हणून पिल्लाला भरमसाट कोंडा घातला तर त्याचे पोट भरते, पण पोषण होत नाही. पूर्ण वाढलेल्या डुकरिणीला तोच कोंडा चांगला मानवतो. गाभण डुकरिणीला फार चरबी चढू नये म्हणून तिचे खाद्य मोजून देतात. त्यामुळे ती सदा भुकेली राहते. चोथायुक्त खाद्याने तिला चघळायला काम मिळते आणि पोट भरल्याचे समाधानही लाभते. युरोपीय संघाने २००१ साली नियमच केला की, गाभण डुकरिणींना पुरेसे चोथायुक्त खाद्य दिले पाहिजे.

जीवाणूंची ही वस्ती पिल्लाच्या पोटात येते कोठून? डुकरीण सुमारे ११४ दिवसांनी विते. मातेच्या उदरात असताना पिल्लाचे आतडे जवळजवळ जीवाणूरहित असते. जन्माला येतानाच मातेच्या शरीरावरील जीवाणूंचा त्याला स्पर्श होतो. मग ते आईच्या आचळांना लुचते, जमीन हुंगते, आईच्या शेणाला नाक लावते. आपल्याला हे किळसवाणे वाटेल. परंतु पिल्लाच्या दृष्टीने हा आईकडून मिळालेला वारसाच होय. पहिल्या दिवसांत त्याच्या पोटात दुधावर जगणाऱ्या जीवाणूंचे प्राबल्य असते. पुढे पिल्लू हळूहळू दाणे, मुळे, गवत चघळू लागते, आणि चोथा फोडणाऱ्या जीवाणूंचे पाऊल पोटात पडते.

निसर्गात हा बदल सावकाश होतो. मोकळ्या रानात डुकरीण आपल्या पिल्लांना सुमारे तीन-चार महिने अंगावर पाजते. मोठाल्या वराहपालन केंद्रांत मात्र तीन-चार आठवड्यांतच पिल्लांचे दूध तोडले जाते. एका दिवसात आई दूर होते, जागा बदलते, सोबतची पिल्ले बदलतात, आणि दुधाऐवजी कोरडे खाद्य पुढ्यात येते. पिल्लू घाबरून एखादा दिवस काही खात नाही. मग भूक अनावर झाली की एकदम पुष्कळ खाते. त्याचे पाचकरस अजून या अन्नाला सरावलेले नसतात. न पचलेली प्रथिने आतड्यात साचतात आणि त्यांवर घातक जंतू माजतात. ई. कोलाय नावाच्या जीवाणूच्या काही जाती आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतात. पिल्लाला जुलाब सुरू होतात, अंगातील पाणी झपाट्याने निघून जाते, आणि पुष्कळ पिल्ले दगावतात.

या संकटावर एक सोपा दिसणारा उपाय विसाव्या शतकाच्या मध्याला हाती आला. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक औषध तयार करताना उरलेला गाळ कोंबड्यांच्या खाद्यात मिसळला, तर कोंबड्या अधिक वेगाने वाढतात, असे अमेरिकेतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना १९५० च्या सुमारास आढळून आले. डुकरांमध्येही तसाच अनुभव आला. मग काय! निरोगी जनावरांच्या रोजच्या खाद्यातही थोडे थोडे प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली. पिल्ले झपाट्याने वाढू लागली, जुलाब कमी झाले, आणि पालकांना नफा झाला.

परंतु या उपायात एक मोठा धोका दडलेला होता. औषधाची मात्रा थोडी आणि रोजची असली म्हणजे दुबळे जीवाणू मरतात, आणि ज्यांना त्या औषधाचा प्रतिकार करता येतो ते उरतात. त्यांचीच संतती वाढते. एवढ्यावरही हे थांबत नाही. जीवाणू आपली काही जनुके शेजारच्या जीवाणूला, अगदी परजातीच्या जीवाणूलाही, देऊ शकतात. डुकराच्या आतड्यात एका जीवाणूने कमावलेली ही प्रतिकारशक्ती अशा मार्गाने माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंपर्यंत पोहोचू शकते. मग रुग्णालयात डॉक्टर तेच औषध रुग्णाला देतात, आणि ते निष्फळ ठरते. गोठ्यात केलेली उधळपट्टी अशी रुग्णाच्या जिवावर बेतते.

याचे एक ठळक उदाहरण २०१५ साली पुढे आले. कोलिस्टिन हे औषध इतर सर्व औषधे हरली म्हणजे शेवटचा आधार म्हणून वापरतात. चीनमध्ये ते डुकरांच्या खाद्यात सर्रास मिसळले जात असे. तेथील शास्त्रज्ञांना डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही असे जीवाणू आढळले की, ज्यांच्याजवळ कोलिस्टिनला दाद न देणारे एक जनुक होते, आणि ते जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जात होते. या शोधाने जगभर खळबळ उडाली. चीनने २०१७ साली वाढीसाठी कोलिस्टिन खाद्यात मिसळणे बंद केले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यपालनात त्याच्या वापरावर बंदी घातली.

औषधांवाचून पिल्ले जगवता येतील काय, हा खरा प्रश्न होता. स्वीडनने १९८६ सालीच वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास बंदी केली. त्याच्या शेजारचा डेन्मार्क हा छोटा देश वराहपालनासाठी प्रसिद्ध आहे. त्याने १९९५ पासून पायरीपायरीने ही प्रथा बंद करत आणली, आणि १९९९ च्या अखेरीस लहान पिल्लांच्या खाद्यातूनही वाढीसाठीची प्रतिजैविके हद्दपार झाली. आरंभी अडचणी आल्या. दूध तोडलेल्या पिल्लांत जुलाबांचे प्रमाण वाढले, आणि आजारी पिल्लांसाठी औषधे अधिक लागली. पण तेथील पालकांनी आणि पशुवैद्यांनी माघार घेतली नाही. त्यांनी गोठ्यांची स्वच्छता वाढवली, पिल्लांना आईजवळ अधिक दिवस राहू दिले आणि त्यांच्या आहारातही सुधारणा केल्या.

याचे फळ त्यांना मिळाले. १९९२ ते २००८ या काळात डेन्मार्कमधील डुकरांचे वार्षिक उत्पादन सुमारे १ कोटी ८४ लाखांवरून २ कोटी ७१ लाखांवर गेले. आणि त्याच काळात प्रत्येक किलो उत्पादनामागे लागणारी प्रतिजैविके निम्म्याहून अधिक घटली. १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी झाली. पिल्लांचे जुलाब थांबवण्यासाठी खाद्यात भरपूर झिंक ऑक्साइड घालण्याचीही तेथे रीत होती. त्यामुळे जमिनीत जस्त साचू लागले. जून २०२२ पासून औषध म्हणून त्याचा असा वापरही बंद करण्यात आला.

औषधांचे कुंपण असे एकेक करून निघाल्यावर पालकांचे लक्ष पुन्हा आतड्यातील जुन्या राखणदारांकडे वळले. आता पिल्लांच्या खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण बेताचे ठेवतात, म्हणजे घातक जंतूंना न पचलेले अन्न मिळत नाही. त्याचबरोबर योग्य जातीचा चोथा योग्य प्रमाणात घालतात. साखरबिटाच्या लगद्यासारखा मऊ चोथा चांगला आंबतो आणि उपकारक जीवाणूंना पोसतो. भरड कोंडा आतड्याची हालचाल चालू ठेवतो आणि अन्न एका जागी तुंबू देत नाही. पिल्लू आईजवळ असतानाच त्याला थोडे थोडे घन खाद्य चाखायला देतात. दूध तुटण्याचा दिवस येईपर्यंत पोटातील वस्ती अशा रीतीने तयार होऊ लागते. चोथ्याने प्रत्येक रोग बरा होतो, असा याचा अर्थ नाही. आजारी पिल्लाला औषध द्यावेच लागते. परंतु औषध आजारासाठी असावे, रोजच्या जेवणातले तोंडीलावणे म्हणून नसावे, हे आता बहुतेकांना पटले आहे.

डुकराची ही कथा माणसालाही परकी नाही. माणसाचे आतडे बऱ्याच बाबतीत डुकराच्या आतड्यासारखे आहे. म्हणूनच माणसाच्या पचनाचा अभ्यास करताना शास्त्रज्ञ पुष्कळदा डुकरावर प्रयोग करतात. माणसाच्या मोठ्या आतड्यातही जीवाणूंची अशीच दाट वस्ती असते, आणि तेथेही भाकरीतील कोंडा, पालेभाजी, कडधान्यांची साले आणि फळांचा गर यांतील चोथा आंबून तीच तीन आम्ले तयार होतात. कोंडा काढून टाकलेले पांढरेशुभ्र पीठ दिसायला सुंदर खरे. पण त्यात आपल्या या सहकाऱ्यांचा वाटा फार थोडा उरतो.

एकटा प्राणी आपल्याच बळावर जगतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डुकराच्या साध्या पुढ्यातील कोंडा ती समजूत खोटी पाडतो. जो घास डुकराला स्वतः पचवता येत नाही, तो डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव त्याच्यासाठी पचवतात. आणि डुक्कर त्यांना ऊब, निवारा आणि अन्न पुरवते. या देवाणघेवाणीत कोणी कोणाचा चाकर नाही. मात्र ती टिकवण्याची जबाबदारी माणसाने डुकरे पाळायला घेतली तेव्हापासून माणसावर येऊन पडली आहे. जो पालक जनावराला चारताना त्याच्या आतड्यातील या सहकाऱ्यांनाही चार घास घालतो, त्याच्या गोठ्यात औषधाची बाटली क्वचितच उघडावी लागते. आणि न उघडलेली प्रत्येक बाटली उद्याच्या एखाद्या रुग्णासाठी राखून ठेवल्यासारखी असते.